मदत हवी आहे: चार वर्षांच्या पुतणीच्या जठरातला दुर्मिळ पॉलिप

नमस्कार मंडळी. आम्ही तासगावकडचे. धाकट्या भावाची लेक बरेच दिवस खाल्लेलं पचवतच नव्हती. सकाळी भरवलेली पेज संध्याकाळी उलटून पडायची, शितं जशीच्या तशी. उलटीत हिरवं पित्त मात्र कधीच नाही. जंताचं औषध झालं, आईनं दृष्टही काढली. शेवटी मिरजेत दुर्बिणीनं बघितलं, तेव्हा कळलं की जठराच्या खालच्या टोकाला देठाचा पॉलिप, म्हणजे आतल्या बाजूला वाढलेली गाठ आहे आणि तो घसरून आतड्याच्या तोंडाशी बुचासारखा बसतोय. ऑपरेशन करून काढला. आता पोर स्वतःहून वरणभात मागते.

बायोप्सीत ‘इन्फ्लमेटरी फायब्रॉइड पॉलिप’ आलंय. वानेक नावाच्या डॉक्टरांनी १९४९ मध्ये वर्णन केलेली ही गाठ कॅन्सरची नाही, हा मोठाच दिलासा. पण ती सापडते बहुतेक पन्नाशी-साठीतल्या माणसांत. एवढ्या लहान मुलीला कशी झाली, या विचारानं वहिनीला झोप नाही.

सांगली-कोल्हापूर भागात फक्त लहान मुलांचे पोटविकार बघणारे डॉक्टर माहीत आहेत का, की पुणंच गाठावं? बायोप्सीच्या स्लाइड आणि ब्लॉक (मेणात जपलेले गाठीचे तुकडे) मुंबईला टाटा हॉस्पिटलात दाखवायचे तर कागदपत्रं काय लागतात? कुणाच्या मुलाला असाच पॉलिप निघाला असेल तर नंतर दुर्बीण पुन्हा किती दिवसांनी केली, तेही सांगा. महात्मा फुले योजनेत पुढच्या तपासण्या बसतात का, हेही कळलं तर बरं होईल. भावाची द्राक्षबाग यंदा पावसानं गेली आहे.