मदत हवी आहे : एनएफएल प्लेऑफच्या 14 संघांना शक्यतेचे टक्के कसे वाटायचे?

नमस्कार मंडळी,

मुलगा आठवीत आहे. गणिताच्या बाईंनी प्रकल्प दिलाय. येत्या शनिवारी, 11 जानेवारी 2025 ला, एनएफएलचे, म्हणजे अमेरिकन फुटबॉलच्या लीगचे, प्लेऑफ (बाद फेरीचे सामने) सुरू होतात. त्याआधी 14 संघांपैकी प्रत्येकाची सुपर बाऊल (अंतिम सामना) जिंकायची शक्यता टक्क्यांत मांडायची. बेरीज 100 यायला हवी आणि प्रत्येक आकड्याचं कारण सांगता आलं पाहिजे. सट्ट्याचे भाव बघायला मनाई आहे.

आम्ही फिलाडेल्फियाजवळ राहतो, त्यामुळे त्याने पहिल्याच दिवशी ईगल्सना 40 टक्के देऊन टाकले. माझे बाबा सध्या सांगलीहून आलेत. जन्मभर क्रिकेटचे आकडे वहीत उतरवलेला माणूस. हा खेळ ते सप्टेंबरपासूनच बघताहेत, पण गुणतक्ता वाचायला त्यांना कुणी शिकवायला नको. रविवारी रात्री साखळी सामने संपले तसे त्यांनी सगळ्या संघांनी केलेले आणि दिलेले गुण लिहून काढले आणि नातवाला विचारलं, "डेट्रॉइट आणि कॅन्सस सिटी, दोघेही 15-2, म्हणजे 15 विजय, 2 पराभव. मग एकाचा गुणफरक 222 आणि दुसऱ्याचा 59 कसा रे?"

तिथेच गाडी अडली आहे.

डेट्रॉइट लायन्सनी 564 केले, 342 दिले. कॅन्सस सिटी चीफ्सनी 385 केले, 326 दिले. ईगल्स 14-3, फरक 160. बफेलो बिल्स 13-4 आणि बाल्टिमोर रेव्हन्स 12-5, दोघांचाही फरक 157. डेन्व्हर ब्राँकोज 10-7 करून शेवटच्या जागेवर आत आले, तरी त्यांचा फरक 114, म्हणजे चीफ्सच्या जवळजवळ दुप्पट! बाबा म्हणतात चीफ्स नशिबाने तरलेत. मुलगा म्हणतो, "आजोबा, माहोम्स क्वार्टरबॅक (चेंडू फेकून डाव चालवणारा) आहे तिथे. गेली दोन वर्षं तेच जिंकलेत." मला दोघांचंही पटतं.

विजय मोजायचे की गुणफरक? आणि दुखापतींचं काय? डेट्रॉइटचा बचावातला खेळाडू एडन हचिन्सन ऑक्टोबरातच पाय मोडून बसलाय. आमच्या ईगल्सच्या क्वार्टरबॅकला, हर्ट्सला, डोक्याला मार लागल्यामुळे तो शेवटचे दोन सामने खेळलेला नाही. शुक्रवारी वही द्यायची आहे. जाणकारांनी कृपया सांगावं.

प्रतिसाद : मिशिगनकर

ताई, बाबांची सुरुवात अगदी योग्य आहे. बेसबॉलमध्ये बिल जेम्सने रूढ केलेलं एक सूत्र आहे, तेच इथे वापरतात. केलेल्या गुणांचा 2.37 वा घात घ्या, दिलेल्या गुणांचाही घ्या. पहिल्याला दोघांच्या बेरजेने भागा आणि 17 ने गुणा. गुणांवरून किती विजय शोभले असते ते कळतं. मी आत्ताच केलं : लायन्स 13, ईगल्स साडेबाराच्या जरा आत, बिल्स आणि रेव्हन्स 12 च्या आसपास, चीफ्स 10. कॅल्क्युलेटरवर मुलालाच करू द्या, बाईंना आवडेल.

चीफ्सचे 11 विजय 8 किंवा त्याहून कमी गुणांचे आहेत, म्हणजे एका हल्ल्यात भरून निघेल एवढा फरक. असे सामने सगळेच्या सगळे जिंकणं पुन्हापुन्हा होत नाही. 2022 चे मिनेसोटा वायकिंग्ज आठवा. अशा सामन्यांत 11-0, एकूण 13-4, आणि गुणफरक चक्क उणे 3! प्लेऑफच्या पहिल्याच सामन्यात घरच्या मैदानावर जायंट्सकडून 31-24 ने हरले.

माझा जीव लायन्सवर आहे. 1957 नंतर विजेतेपद नाही, सुपर बाऊलला तर ते एकदाही पोचलेले नाहीत. तरी सांगतो, त्या 222 वर डोळे मिटून विसंबू नका. त्यातले काही गुण हचिन्सन मैदानात असतानाचे आहेत. तो पडला त्याच सामन्यात डॅलसला 47-9 धुतलं होतं. डिसेंबरात याच बचावाने बफेलोला 48 आणि सॅन फ्रान्सिस्कोला 34 गुण दिले. परवा वायकिंग्जना 9 वर रोखलं तेव्हा जिवात जीव आला. मुलाला शेवटचे पाच-सहा सामने वेगळे मांडायला सांगा.

प्रतिसाद : आकडेमोड

चीफ्सच्या बाबतीत एक दुरुस्ती. शेवटचा सामना ते डेन्व्हरकडे 38-0 हरले, पण पहिला क्रमांक आधीच पक्का असल्यामुळे माहोम्स आणि इतर मुख्य खेळाडू बसवले होते. तो सामना वगळला तर 16 सामन्यांत 385 विरुद्ध 288, म्हणजे फरक 97. सूत्राने पावणेअकराच्या जवळपास विजय येतात, प्रत्यक्षात 15. म्हणजे बाबांचा मुद्दा उरतो, पण 59 एवढा वाईट नाही. डेन्व्हरच्या 114 मधलेही 38 तिथूनच आलेत!

दुसरं म्हणजे वाट. हे आयपीएलसारखं नाही, तिथे पहिल्या दोघांना हरूनही आणखी एक संधी असते. इथे हरलात की घरी. लीगच्या दोन बाजू आहेत, एएफसी आणि एनएफसी; 2020 पासून प्रत्येक बाजूचे 7 संघ येतात आणि फक्त पहिल्याला पहिल्या फेरीत सुट्टी मिळते. समजा एखादा संघ कुठलाही सामना 65 टक्के वेळा जिंकेल. तीन सामने जिंकायचे असतील तर शक्यता 27 टक्के, चार जिंकायचे असतील तर 18. नुसत्या सुट्टीने एवढा फरक पडतो. शिवाय न्यू ऑर्लिन्सच्या अंतिम सामन्यापर्यंत सगळं घरच्या मैदानावर. म्हणून चीफ्सना खाली ढकलू नका.

चीफ्सच्याच बाजूला, एएफसीत, बिल्स दुसरे, रेव्हन्स तिसरे. दोघांनी पहिली फेरी जिंकली की दुसऱ्या फेरीत एकमेकांसमोर, बफेलोत. एकजण कॅन्सस सिटी गाठायच्या आतच गळणार. सप्टेंबरात बाल्टिमोरने बफेलोला 35-10 हरवलं होतं, पण ते बाल्टिमोरमध्ये. बिल्सनी पूर्ण हंगामात फक्त 8 वेळा चेंडू गमावलाय. हे कौशल्य आहेच, पण सुटलेला चेंडू कुणाच्या हाती लागतो यात दैवाचाही वाटा असतो. वायकिंग्जची दया येते. 14-3 करूनही एनएफसीत पाचवे, आणि पहिल्याच फेरीत 10-7 वाल्या रॅम्सच्या घरी.

प्रतिसाद : जर्सीची आजी

ईगल्सच्या बार्कलीला विसरू नका. या हंगामात चेंडू घेऊन 2,005 यार्ड धावलाय. एका हंगामातला 1984 चा डिकरसनचा विक्रम मोडायला 101 हवे होते, तरी शेवटच्या सामन्यात त्याला विश्रांती दिली. मुख्य क्वार्टरबॅक हर्ट्सविना डॅलसला 41-7 हरवणारा संघ 9-10 टक्क्यांचा नाही. आणि नातवाला म्हणावं, आवडत्या संघाचा आकडा सर्वांत शेवटी लिही, बाकीचे तेरा झाल्यावर.

धागाकर्ती

तुम्हा सगळ्यांचे मनापासून आभार. आजींचा सल्ला तंतोतंत पाळला. रात्री जेवणं झाल्यावर आजोबा-नातू टेबलावर बसले ते साडेदहापर्यंत. 40 वरून खाली येताना मुलाच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, पण 65 चा गुणाकार स्वतः केल्यावर त्याला पटलं.

आत्ताची मांडणी : लायन्स 20, चीफ्स 18, रेव्हन्स 15, बिल्स 14, ईगल्स 14, वायकिंग्ज 6, पॅकर्स 3. चार्जर्स, रॅम्स, बक्कनियर्स, कमांडर्स यांना प्रत्येकी 2. ब्राँकोज 1, टेक्सन्स आणि स्टीलर्स अर्धा-अर्धा. दोन्ही बाजूंची वेगळी बेरीज बाबांनी करून पाहिली : एएफसी 51, एनएफसी 49.

लायन्सना 20 पेक्षा जास्त द्यावेत असं बाबांना वाटत होतं. मिशिगनकर, तुमचा 48 चा आकडा दाखवला तेव्हा ते थांबले.

एकच अडलंय. हर्ट्स रविवारी पॅकर्सविरुद्ध खेळणार नसेल तर ईगल्सचे 14 वरून 9 करायचे असं ठरलंय. ते 5 टक्के कुणाला द्यायचे? मुलगा म्हणतो सगळे डेट्रॉइटला. बाबा म्हणतात, फायदा आधी पॅकर्सचा, कारण पहिला सामना त्यांच्याशी आहे, उरतील ते एनएफसीतल्या बाकीच्यांत वाटा. गुरुवार रात्रीपर्यंत कुणी सांगू शकेल का?