मदत हवी आहे: स्थलांतराच्या दिवसांत पक्ष्यांच्या बातम्या वेळेवर कशा पोचवाव्यात?

नमस्कार मंडळी,

पुणे परिसरात आमचा पक्षीनिरीक्षकांचा छोटा गट आहे. कुणाला काही वेगळं दिसलं की मला कळवायचं आणि मी सगळ्यांना ईमेल करायचा, ही आमची जुनी पद्धत. यंदा ऐन हंगामात तीच बिघडली आहे. काहींना मेल दुसऱ्या दिवशी मिळतो, काहींचा स्पॅममध्ये जातो, आणि ज्यांनी ऑफिसचा पत्ता दिलाय त्यांच्याकडून परतच येतो. फोटो न जोडता, पत्त्यांचे लहान लहान गट करून पाठवून पाहिलं. परत येणं कमी झालं, उशीर मात्र तसाच आहे.

एका दिवसाचं इतकं काय, असं वाटेल. भिगवणला मुक्कामी येणारे पट्टकादंब (डोक्यावर काळे पट्टे असलेले हंस) या रविवारी चुकले तर पुढच्या रविवारी दिसतात. पण सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये इथून फक्त पुढे जाणारे पक्षी कुणासाठी थांबत नाहीत. युरोपियन रोलर आफ्रिकेच्या वाटेवर सासवड-मोरगावकडच्या माळावर उतरतो, तारेवर बसून नाकतोडे टिपतो आणि निघून जातो. आपल्या नेहमीच्या नीलपंखाची छाती तांबूस, याची डोक्यापासून पोटापर्यंत निळसर. पण पिल्लू वयाचा, फिकट पक्षी असला की जाणकारही थबकतात. अशा वेळी त्याच संध्याकाळी आणखी कुणीतरी जाऊन पाहिलं तर नोंद पक्की होते. नोव्हेंबरात अमूर ससाण्यांचंही तेच. नागालँड-मणिपूरकडून निघालेले हे पक्षी देश ओलांडून अरबी समुद्रावरून सोमालियाकडे जातात. ते लोणावळ्याच्या डोंगरांवर दिसल्याचं दोन दिवसांनी कळून काय करणार?

व्हॉट्सॲप वापरा, हे पहिलं उत्तर येईल, म्हणून आधीच सांगते. तरुण मंडळी तिथे आहेतच. पण गटातल्या ज्येष्ठांपैकी अनेकांकडे साधे फोन आहेत, आणि तीस-चाळीस वर्षं हेच माळ तुडवल्यामुळे ओळख पटवायला आम्हाला तेच लागतात. शिवाय तिथला मेसेज तासाभरात कुठल्या कुठे फॉरवर्ड होतो. भोवत्यांची (हॅरियर या शिकारी पक्ष्यांची) रात्री गवतात जमिनीवर बसायची जागा अशी फुटली की गाड्या थेट माळावर चढतात. हे मला अजिबात नको आहे. ईबर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर आम्ही याद्या टाकतो, नोंद जपायला ते उत्तमच, पण बरेच जण घरी गेल्यावर रात्री टाकतात.

म्हणून विचारते:

एकाच वेळी बऱ्याच जणांना पाठवलेला मेल स्पॅममध्ये जाऊ नये यासाठी पाठवणाऱ्यानं काय करायचं? सगळ्यांनी माझा पत्ता आपल्या संपर्कयादीत घातला तर खरंच फरक पडतो का?

साध्या फोनवाल्यांसाठी एसएमएसचा विचार आहे. देवनागरीत एका एसएमएसमध्ये काना-मात्रा आणि मोकळ्या जागा धरून ७० चिन्हं बसतात, म्हणजे पक्षी, गाव आणि वेळ एवढंच. कुणी अशी ठरलेली छोटी भाषा वापरता का? की एकानं दोघांना फोन करायचा, त्या दोघांनी पुढच्या दोघांना, अशी साखळी जास्त भरवशाची?

आणि नाजूक जागांच्या बाबतीत फक्त तालुका सांगून नेमकं ठिकाण विचारणाऱ्यालाच फोनवर सांगायचं, हे तुमच्याकडे चालतं का? त्यावरून रुसवे-फुगवे होतात का?

मेलच्या सेटिंगबद्दल सांगताना कृपया पायऱ्या सोप्या मराठीत लिहा. त्या मी कागदावर काढून ज्येष्ठांना देणार आहे.