दोन वर्षांची हेल्थ सायन्सची असोसिएट डिग्री : करून नक्की कुठली नोकरी लागते?

रानजाई
नमस्कार मंडळी, एरवी नुसती वाचत असते, आज पहिल्यांदा काही विचारतेय. इथे अमेरिकेत आमचं ग्रीनकार्ड आलं एकदाचं, मुलं दिवसभर शाळेत असतात आणि मला आता घरात बसवत नाहीये. भारतात बी.कॉम. केलं, मग थोडं अकाउंट्सचं काम, पण ओढा पहिल्यापासून हॉस्पिटलच्या कामाकडे, अकरावीला सायन्स घेऊ दिलं नाही तो विषय सोडा. जवळच्या कम्युनिटी कॉलेजात 'असोसिएट इन हेल्थ सायन्स' असा दोन वर्षांचा, ६० क्रेडिट्सचा कोर्स आहे. ब्रोशरवर नर्स, एक्सरेवाले, लॅबवाले सगळ्यांचे हसरे फोटो. नवरा म्हणतो खुशाल कर, पण दोन वर्षांनी तुला काय म्हणून नोकरी लागणार ते आधी विचार, आणि नेमकं तेच कुठे लिहिलेलं नाही. ॲडव्हायजरला विचारलं तर 'इट डिपेंड्स'. कोणी केलंय का हे? वय ३८ आहे, या वयात झेपेल का तेही खरं खरं सांगा.

नाईटशिफ्ट
रानजाई, नवऱ्याने लाखमोलाचा प्रश्न विचारलाय, तोच धरून बस. कोर्सच्या नावाला भुलू नको, एवढंच विचार की हा संपला की मी कुठल्या लायसन्सच्या परीक्षेला बसू शकते. नर्सिंगचा असोसिएट म्हणजे एडीएन केला की एनक्लेक्स-आरएन, म्हणजे रजिस्टर्ड नर्सच्या (आरएन) लायसन्सची परीक्षा, देता येते, रेडिओग्राफीचा केला की एआरआरटीची परीक्षा, रेस्पिरेटरी थेरपीचा केला की एनबीआरसीची. नुसतं 'हेल्थ सायन्स' केलं तर बहुतेक ठिकाणी यातली एकही नाही. ती डिग्री म्हणजे नर्सिंगच्या आधी लागणारे विषय (प्रीरेक्विझिट्स), वर इंग्लिश, सायकॉलॉजी, स्टॅट असं सगळं एकत्र बांधून दिलेलं गाठोडं. फुकट जात नाही, पुढे ट्रान्सफरला उपयोगी पडतं, पण नर्सिंगला परत वेगळा अर्ज करायचा आणि तिथे जागा मोजक्या, कुठे मार्कांवर रँकिंग, कुठे वेटलिस्ट, काही कॉलेजात तर चक्क लॉटरी. म्हणून दोन वर्षांची म्हणतात ती नर्सिंगची डिग्री प्रत्यक्षात तीन वर्षं घेते, कधी चार.

माणसं गळतात ती सुरुवातीलाच, ॲनाटॉमी-फिजिऑलॉजी एक आणि दोन, आणि मायक्रोबायॉलॉजी. लॅब प्रॅक्टिकल कसं असतं सांगते. टेबलांवर हाडं, मॉडेल्स, मायक्रोस्कोप मांडलेले, प्रत्येकावर एक टाचणी नाहीतर कागदाचा बाण, मिनिटभराने बेल वाजली की पुढच्या टेबलाशी सरकायचं. मांडीच्या हाडावरचा एक उंचवटा दाखवलेला असतो, त्याचं नाव लिहायचं, हाड डाव्या पायाचं की उजव्या तेही लिहायचं आणि स्पेलिंग चुकलं की आमच्याकडे मार्क कापायचे. कळलेलं असून उपयोग नाही, घोकावंच लागतं. आपल्याकडे घोकंपट्टीला नावं ठेवतात पण इथे तीच कामाला आली हो.

बी.कॉम.चा फायदा होईल तो डोसेज कॅल्क्युलेशनला, म्हणजे औषधाच्या डोसाच्या गणिताला. कित्येक प्रोग्राम्समध्ये त्या पेपरात ९० टक्क्यांच्या वर पडले नाहीत तर क्लिनिकलला, म्हणजे हॉस्पिटलातल्या प्रत्यक्ष कामाला, पाठवतच नाहीत. वयाचं म्हणशील तर माझ्या बॅचमध्ये पन्नाशीची बाई होती आणि तिच्या नोट्सवर अर्धा वर्ग पास झाला. झेपण्याचा प्रश्न वयाचा नाहीच, क्लिनिकलच्या दिवशी पहाटे साडेपाचला घर सोडताना मुलांचे डबे कोण भरणार याचा आहे, ते आत्ताच ठरवून ठेवा.

जास्वंद
सगळे नर्सिंगच सांगणार म्हणून मी मध्ये घुसते. मी डेंटल हायजिनिस्ट, म्हणजे दातांच्या डॉक्टरकडे दात साफ करणारी, असोसिएटच केलंय. सरकारी कामगार खात्याचा २०२३चा आकडा बघ, हायजिनिस्टचा मध्यम वार्षिक पगार ८७,५३० डॉलर आणि आरएनचा ८६,०७०. म्हणजे तेव्हा बरोबरीत, थोडं वरच, आणि नाईट ड्युटी नाही. आता दुसरी बाजू. बऱ्याच ऑफिसात आठवड्याचे तीन-चार दिवसच काम मिळतं, इन्शुरन्स मिळेलच असं नाही, आणि दिवसभर मान वाकवून दातांवरचं किटण खरवडायचं म्हणजे मनगट आणि खांदे बोलायला लागतात. कोर्समध्ये असताना प्रॅक्टिससाठी पेशंटही बऱ्याचदा आपणच शोधायचे असतात, अमुक इतकं किटण असलेला पेशंट हवा असं रिक्वायरमेंटमध्ये लिहिलेलं असतं, मग काय, जो भेटेल त्याच्या दातांकडे आधी लक्ष जायचं. नवऱ्याच्या ऑफिसातले सगळे माझ्याकडून दात साफ करून गेलेत.

टेक्सासचा तात्या
दोघींनी चांगलं सांगितलंय, मी फक्त कागदपत्रांचं बोलतो कारण लोक फसतात ते तिथेच. कॉलेजचं ॲक्रेडिटेशन, म्हणजे मान्यता, वेगळी आणि प्रोग्रामची वेगळी. कॉलेज मान्यताप्राप्त आहे म्हणून त्यातला एक्सरेचा कोर्स आपोआप मान्य होत नाही. प्रोग्रामला मान्यता देणाऱ्या संस्था वेगवेगळ्या, रेडिओग्राफीला जेआरसीईआरटी बघायचं, डेंटल हायजीनला कोडा, फिजिकल थेरपी असिस्टंटला केपटी, नर्सिंगला आधी राज्याच्या नर्सिंग बोर्डाची मंजुरी, कारण ती नसेल तर एनक्लेक्सचं नावच काढायला नको, आणि वर एसीईएन वगैरे. जेआरसीईआरटीच्या मान्यतेचे कोर्स असतील तर किती मुलं पूर्ण करतात, पहिल्या फटक्यात किती पास होतात, किती जणांना नोकरी लागते हे सगळं उघड मांडावं लागतं. नर्सिंगचे पासिंगचे आकडे बहुतेक राज्यांचे बोर्डच वेबसाईटवर टाकतात. ॲडव्हायजरशी बोलण्याआधी अर्धा तास हे वाचा, मग ती 'इट डिपेंड्स' म्हणाली की तुम्हाला पुढचा प्रश्न विचारता येईल.

आणि ती मॉलशेजारची कॉलेजेस, वेटिंग नाही, प्रीरेक्विझिट नाही, सोमवारपासून या म्हणणारी, त्यांच्यापासून चार हात लांब. आमच्या ओळखीतल्या एका मुलीने कम्युनिटी कॉलेजच्या कितीतरी पट फी भरून मेडिकल असिस्टंटचं केलं आणि नंतर नर्सिंगला गेली तर त्यातलं एक क्रेडिट घेतलं नाही कोणी.

रानजाई
बापरे, इतकं सविस्तर! सगळ्यांचे आभार. तात्या, आमच्या कॉलेजची यादी बघितली, नर्सिंग आणि रेडिओग्राफी दोन्ही मान्यतेचे आहेत, हेल्थ सायन्सपुढे काहीच नाही, म्हणजे नाईटशिफ्ट म्हणाली तसंच. आता दोन शंका. पेल ग्रँट, ती सरकारी शिक्षणमदत, ग्रीनकार्डवर मिळते ना? आणि माझी बी.कॉम. झालेलीच आहे तर कोणी म्हणालं वर्ष-दीड वर्षाचं ॲक्सिलरेटेड बीएसएन (नर्सिंगची बॅचलर्स) कर, असोसिएटच्या भानगडीतच पडू नको. ते कसं आहे?

कडूनिंब
ग्रीनकार्डवर फाफ्सा, म्हणजे सरकारी मदतीचा अर्ज, भरता येतो, पण पेलला मेख आहे. ज्याच्याकडे आधीच बॅचलर्स आहे त्याला पेल मिळत नाही आणि परदेशातली डिग्रीही धरतात. तुमची बी.कॉम. तीन वर्षांची, ती इथल्या चार वर्षांच्या बॅचलर्सच्या बरोबरीची की नाही हे कॉलेज परदेशी डिग्रीचं इव्हॅल्युएशन (मूल्यमापनाचा रिपोर्ट) बघून ठरवतं. गंमत बघा, बरोबरीची नाही असा रिपोर्ट आला तर पेलचं दार उघडं राहू शकतं पण ॲक्सिलरेटेड बीएसएनचं बंद होतं, आणि बरोबरीची आली तर उलटं. म्हणून इव्हॅल्युएशन आधी करून घ्या, बाकीचं गणित त्यानंतर. बरोबरीची आली तरी ॲक्सिलरेटेडला तेच ॲनाटॉमी, मायक्रो आधी करावं लागतंच, फी बरीच जास्त आणि त्या काळात नोकरी-घर काही बघता येत नाही. एडीएन करून आरएन झालं की काम करता करता ऑनलाईन बीएसएन होतं, बरीच हॉस्पिटल्स फीला हातभार लावतात. न्यूयॉर्कमध्ये तर २०१७च्या कायद्याने नव्या आरएनला दहा वर्षांत बीएसएन करावंच लागतं, पण सुरुवात असोसिएटने केलेली चालते.

ओवी_एच४
मध्येच विचारते, मी एच४ वर, म्हणजे नवऱ्याच्या वर्क व्हिसावरच्या डिपेंडंट व्हिसावर आहे, ईएडी (कामाचा परवाना) नाही. मला घेतील का?

कडूनिंब
ओवी, एच४ वर शिकता येतं, काम करता येत नाही. फेडरल मदत नाही आणि इन-स्टेट फी, म्हणजे राज्यातल्या रहिवाशांची कमी फी, लागेल की नाही ते राज्यावर आणि कॉलेजवर. पण शिकून झाल्यावर ईएडी नसेल तर लायसन्स असूनही घरी, आणि काही राज्यांत लायसन्सच्या फॉर्मवरच सोशल सिक्युरिटी नंबर मागतात. तू घाई करू नकोस, लांबचा विचार करून पड यात. फार तर प्रीरेक्विझिट्स हळूहळू कर, मात्र सायन्सचे विषय बऱ्याच कॉलेजात पाच-सात वर्षांनी शिळे धरतात हे लक्षात ठेव.

नाईटशिफ्ट
रानजाई, आणखी एक. पैसे भरण्याआधी सीएनएचा, म्हणजे नर्सच्या मदतनीसाचा, कोर्स करून बघ, केंद्राच्या नियमाने किमान ७५ तासांचा असतो, काही आठवड्यांत होतो. पेशंटला कुशीवर वळवणं, डायपर बदलणं, म्हाताऱ्या माणसाला भरवणं, हे रोजचं काम आहे, ब्रोशरमध्ये त्याचा फोटो नसतो. ते करून घरी आल्यावरही दुसऱ्या दिवशी जावंसं वाटलं तर नर्सिंगला जा. अंगावर काटा आला तर लॅबचा किंवा रेडिओग्राफीचा विचार कर, पण एक्सरेतही पेशंट उचलायचे असतात बरं का, नुसतं बटण दाबायचं नसतं.

रानजाई
सीएनएची बॅच पुढच्या महिन्यात आहे, संध्याकाळची. फॉर्म भरतेय. इव्हॅल्युएशनसाठी युनिव्हर्सिटीकडून सीलबंद मार्कशीट मागवायची आहेत, कोणी अलीकडे मागवली असतील तर किती वेळ लागतो ते सांगा प्लीज.

टेक्सासचा तात्या
त्यासाठी वेगळा धागा काढा ताई, तो विषय निघाला की इथे दोनशे प्रतिसाद पडतील आणि निम्म्या शिव्या असतील.