अकरावी सायन्स : गणित ठेवायचं, बायो ठेवायचं की दोन्ही?

आजोळ_सांगली यांचा प्रश्न :

भाचीचा अकरावी सायन्सचा प्रवेश आहे. दहावी मराठी माध्यमातून, विज्ञान दोन्ही भागांत उत्तम, बीजगणित बरं, भूमितीत मात्र ढेपाळते. ओढा मेडिकलकडे आहे, पण संशोधनाचंही मनात आहे, त्यामुळे नीट (मेडिकलची प्रवेश परीक्षा) एके नीट असं ठरलेलं नाही. कॉलेजात विचारलं तर "पीसीएमबी (फिजिक्स, केमिस्ट्री, गणित, बायो) घ्या, सगळे दरवाजे उघडे राहतात" एवढंच सांगतात. प्रश्न तीन : १) गणित सोडलं तर नेमकं काय काय बंद होतं? २) मराठी घ्यावं की आयटी (माहिती तंत्रज्ञान)? ३) बायफोकल म्हणजे काय, आणि तिच्या कामाचं आहे का? राज्य मंडळच धरून सांगा.

प्रयोगवही :

आधी ६०० गुणांचा हिशोब समजून घ्या, निम्मा गोंधळ तिथेच मिटतो. इंग्रजी १००, दुसरी भाषा किंवा तिच्याऐवजी आयटी १००, आणि चार विषय प्रत्येकी १००. फिजिक्स, केमिस्ट्री, बायो यांचे ७० लेखी आणि ३० प्रात्यक्षिक. गणिताचे ८० आणि २०. पर्यावरण आणि शारीरिक शिक्षणाला श्रेणी मिळते, बेरजेत धरत नाहीत. जर्नल (प्रयोगांची वही) मात्र वेळेवर द्यावंच लागतं.

गणित सोडल्यावर बंद होतं ते हे : इंजिनिअरिंग, आर्किटेक्चर, एनडीएतून (राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी) नौदल आणि हवाई दल, मर्चंट नेव्ही. बऱ्याच कॉलेजांत बीएस्सी कॉम्प्युटर सायन्स आणि स्टॅटिस्टिक्ससुद्धा. बायो सोडल्यावर बंद होतं ते हे : नीटमधून होणारं सगळं, म्हणजे एमबीबीएस, बीडीएस, बीएएमएस, बीएचएमएस, शिवाय व्हेटर्नरी आणि बीएस्सी नर्सिंग.

फार्मसी आणि बीएस्सी अॅग्रीला गणित किंवा बायो, दोन्हींतलं एक चालतं. हे पुष्कळ पालकांना माहीतच नसतं आणि केवळ "फार्मसीसुद्धा हातात राहावी" म्हणून मुलांच्या डोक्यावर चौथा विषय बसतो.

दोन_डगरी :

दरवाजे उघडे राहतात हे खरं, पण त्या दरवाजांतून आत जायला वेळही लागतो ना? बारावीला फिजिक्सची १६ प्रकरणं, केमिस्ट्रीची १६, बायोची १५, गणिताची दोन भाग मिळून १५. नीट देणारीला यातली गणिताची १५ प्रकरणं फक्त बोर्डापुरती करायची असतात. नीटमध्ये १८० प्रश्न, ७२० गुण. त्यात बायोचे ९०, फिजिक्स आणि केमिस्ट्रीचे ४५-४५. गणिताचा एकही नाही.

आणि गणित असं आहे की नोव्हेंबरपर्यंत बाजूला ठेवलं तर इंटिग्रेशन जानेवारीत उभं राहत नाही. बायोचं प्रकरण दोन दिवसांत वाचून निदान पास होण्यापुरतं होतं, गणिताचं होत नाही. एका विषयात गटांगळी खाल्ली की अख्खा बारावीचा निकाल नापास, मग नीटमध्ये कितीही गुण असोत, पुरवणी परीक्षेची वाट बघा.

माझं मत : नीट पक्कं असेल तर पीसीबी (गणिताशिवाय), इंजिनिअरिंग पक्कं असेल तर पीसीएम (बायोशिवाय). "बघू पुढे" म्हणून पीसीएमबी घेणाऱ्यांपैकी बहुतेक जण अकरावीच्या दुसऱ्या सत्रात मनातल्या मनात एक विषय सोडून देतात, फक्त तो मार्कशीटवर तसाच राहतो.

प्रयोगवही :

एक अपवाद आहे, आणि तो नेमका या मुलीला लागू पडतो. संशोधन म्हणजे आयसर (विज्ञान शिक्षण आणि संशोधनाच्या केंद्रीय संस्था) असेल, तर तिथल्या प्रवेश परीक्षेत फिजिक्स, केमिस्ट्री, बायो आणि गणित यांचे प्रत्येकी १५ प्रश्न असतात. एकूण ६०, २४० गुण, तीन तास. बारावीला चारपैकी तीन विषय असले तरी अर्ज करता येतो, पण पीसीबीवालीला पाव पेपरावर पाणी सोडावं लागतं. नीट आणि आयसर ही जोडी खरोखर डोक्यात असेल तर पीसीएमबी अर्थपूर्ण आहे. नुसतं "दरवाजे" म्हणून नव्हे.

एमएचटी सीईटीचे, म्हणजे राज्याच्या इंजिनिअरिंग, फार्मसी, अॅग्रीच्या प्रवेश परीक्षेचे, पीसीएम आणि पीसीबी असे दोन वेगळे गट आहेत, दोन्ही देता येतात. फिजिक्स-केमिस्ट्रीचे मिळून १०० प्रश्न ९० मिनिटांत, म्हणजे प्रश्नाला ५४ सेकंद. गणिताचे ५० प्रश्न ९० मिनिटांत, पण प्रत्येकी २ गुण. चुकीला गुण कापत नाहीत, त्यामुळे एकही प्रश्न कोरा सोडायचा नाही. साधारण २० टक्के भार अकरावीचा असतो, तोही निवडक प्रकरणांचा.

सोल्डरिंग :

बायफोकलबद्दल. यात दुसरी भाषा आणि चौथा विषय जातो, त्यांच्या जागी २०० गुणांचा एकच व्यावसायिक विषय येतो : इलेक्ट्रॉनिक्स, कॉम्प्युटर सायन्स, काही ठिकाणी क्रॉप सायन्स, फिशरी वगैरे. ५०-५० चे दोन लेखी पेपर आणि १०० गुणांचं प्रात्यक्षिक. निम्मे गुण प्रात्यक्षिकाचे असल्याने टक्केवारीला चांगला टेकू मिळतो, म्हणून पीसीएमची मुलं त्यावर उड्या मारतात.

कॉम्प्युटर सायन्समध्ये सी प्लस प्लस, डेटा स्ट्रक्चर, एचटीएमएल आणि ८०८५ मायक्रोप्रोसेसर असतो. ८०८५ चे प्रोग्राम पाठ करून लिहिणारी मुलं एका रजिस्टरच्या चुकीने अख्खं उत्तर घालवतात. विषय आवडीचा असेल तरच घ्या.

तुमच्या भाचीला मात्र माझ्या मते नको. नीटसाठी बायो हवंच, आणि पीसीबी अधिक बायफोकल घेतलं तर गणिताला जागाच उरत नाही.

आजोळ_सांगली :

आभार. म्हणजे आता पीसीबी की पीसीएमबी एवढंच उरलं. पीसीबी घेतलं तर गणिताशिवाय फिजिक्स झेपतं का? आणि आयटीचं राहिलं.

लॉगटेबल :

झेपतं, पण पहिले दोन महिने सांभाळावे लागतात. अकरावीच्या फिजिक्सचं दुसरं प्रकरणच गणिती पद्धतींचं आहे, सदिश आणि कॅल्क्युलसची ओळख. पुष्कळ कॉलेजांत ते "गणितात होईलच" म्हणून उरकतात. पीसीबीच्या मुलांचं ते कुठेच होत नाही.

एक साधं उदाहरण. विस्थापन x = ५t² दिलंय, २ सेकंदाला वेग किती? गणितवाली डेरिव्हेटिव्ह घेऊन १०t लिहिते, उत्तर २०. गणित नसलेली अंतर भागिले वेळ करते : ५ गुणिले ४ म्हणजे २०, भागिले २, उत्तर १०. तो सरासरी वेग झाला, त्या क्षणाचा नव्हे. हीच चूक पुढे दोलनांत आणि एसी सर्किटमध्ये पुन्हा पुन्हा डोकं वर काढते.

त्यासाठी अख्खं गणित घ्यायची गरज नाही. साइन-कोसाइनची मूल्यं, सदिशांची बेरीज आणि दोन्ही गुणाकार, xⁿ, साइन, कोसाइन, eˣ यांची डेरिव्हेटिव्ह आणि साधं इंटिग्रेशन, एवढ्यावर नीटचं फिजिक्स निघतं. रोज तास दिला तर तीन आठवड्यांचं काम.

आणि लॉग टेबल आत्ताच हातात द्या. बोर्डाच्या पेपरात कॅल्क्युलेटर चालत नाही. केमिस्ट्रीत रासायनिक गतिकीच्या गणितात २.३०३ × लॉग २, म्हणजे २.३०३ × ०.३०१० = ०.६९३ असं सतत येतं. सूत्र बरोबर आणि अँटिलॉग चुकला म्हणून गुण गेले, हे दरवर्षीचं रडगाणं आहे.

चाल_आणि_वेग :

सगळे विषयांबद्दल बोलताय, पण मुलगी मराठी माध्यमाची आहे, हा मुद्दा गणितापेक्षा मोठा आहे. अकरावी सायन्स इंग्रजीतून. तिला विज्ञान येतं, शब्द येत नाहीत, आणि पहिल्या चाचणीत कमी गुण पडले की "आपल्याला सायन्स जमत नाही" असं वाटू लागतं.

उपाय स्वस्त आहे. ई-बालभारतीवर दहावीच्या विज्ञान भाग १ ची मराठी आणि इंग्रजी दोन्ही पुस्तकं फुकट मिळतात. प्रकरणं तीच, क्रम तोच. शेजारी ठेवून रोज अर्धं प्रकरण वाचायचं आणि वहीत तीन रकाने करायचे : मराठी शब्द, इंग्रजी शब्द, एकक. संवेग म्हणजे मोमेंटम, त्वरण म्हणजे अॅक्सिलरेशन, अपवर्तन म्हणजे रिफ्रॅक्शन, संयुजा म्हणजे व्हॅलन्सी, क्षपण म्हणजे रिडक्शन. चाल म्हणजे स्पीड आणि वेग म्हणजे व्हेलॉसिटी, इथे मुलं हमखास घसरतात, कारण बोलताना आपण दोन्हीला वेगच म्हणतो. न्यूक्लियस अणूचाही असतो आणि पेशीचाही, तिथेही गडबड होते. दहा प्रकरणं आहेत, तीन आठवड्यांत होतात.

नीट मराठीतून देता येते. एमएचटी सीईटीला फिजिक्स, केमिस्ट्री, बायो मराठीतून मिळतं, गणित फक्त इंग्रजीत. पण दोन वर्षं इंग्रजीत शिकून परीक्षा मराठीत देऊ नये असं मला वाटतं. ऐन वेळी "उष्माधारकता" वाचून थबकायला होतं.

प्रयोगवही :

आयटी की मराठी : आयटीचे ८० गुण संगणकावर ऑनलाइन आणि २० प्रात्यक्षिक. एचटीएमएल, जावास्क्रिप्ट, पीएचपी यांचे छोटे प्रोग्राम येतात. निबंध नाहीत, शुद्धलेखन नाही, म्हणून गुण सोपे. मात्र बहुतेक ठिकाणी त्याची वेगळी फी असते आणि जागा मोजक्या. लॅबमध्ये दोघांत एक संगणक असेल तर सरळ मराठी घ्या. दहावीला मराठीत चांगले गुण असणाऱ्या मुलीचं मराठीने काही बिघडत नाही, आणि नीटच्या गुणवत्ता यादीत बारावीचे गुण धरतच नाहीत. पात्रतेपुरते पीसीबीत खुल्या गटाला ५० टक्के, राखीव गटांना ४० टक्के लागतात, इंग्रजीत पास.

खडू :

अकरावी प्रवेशाच्या ऑनलाइन पोर्टलवर फक्त शाखा आणि कॉलेज भरता येतं, १ ते १० पसंती. पहिल्या पसंतीचं कॉलेज लागलं तर प्रवेश घ्यावाच लागतो. म्हणून पहिल्या क्रमांकावर टाकण्याआधी कॉलेजात जाऊन चार गोष्टी विचारा : पीसीएमबीची तुकडी आहे का, की बायो आणि गणिताचे तास एकाच वेळी लावलेत? आयटीच्या जागा किती, कशावर देतात? प्रात्यक्षिकं आठवड्याला होतात की जानेवारीत एकदम? विषय बदलायची शेवटची तारीख कोणती?

शेवटचा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा. तिला पीसीएमबी घेऊ द्या, पहिल्या घटक चाचणीपर्यंत गणित मनापासून करू द्या, आणि मग ठरवा. गणित सोडून भूगोल किंवा मानसशास्त्र घेता येतं, पण ते कॉलेजात शिकवलं जात असेल तरच. पीसीबीवर असताना मध्येच गणित घेणं कागदावर शक्य असलं तरी बुडालेला अभ्यास भरून निघत नाही. सोडणं सोपं, धरणं अवघड.

आजोळ_सांगली :

उद्या कॉलेजात जाऊन खडू यांचे चारही प्रश्न विचारतो. बायो आणि गणिताचे तास एकाच वेळी असतील हे डोक्यातच आलं नव्हतं. तीन रकान्यांची वही आजपासून सुरू, लॉग टेबल आणलंय.