शरदातलं शिवार आणि पक्षी : तुमचा एक दिवस सांगा

पाऊस उघडलाय, सोयाबीन काढणीला आलंय आणि उत्तरेकडचे पाहुणे उतरू लागलेत. या दिवसांत दुर्बीण गळ्यात अडकवून बांधावर घालवलेला एखादा दिवस इथे लिहा. किती जाती दिसल्या ते नको, काय घडलं ते हवं. सुरुवात मी करतो, तीही फजितीने.

तुरीच्या शेंड्यावर एक मळकट पक्षी शेपटी झटकत बसला होता. मी वहीत ठोकून दिलं : कवडा गप्पीदास, मादी. घरी फोटो मोठा करून पाहतो तर पाठीवर रेघा, आणि गालावरच्या तपकिरीतून काळा रंग डोकावतोय. साधा गप्पीदास, आणि तोही नर! याच्या नव्या पिसांना तपकिरी कडा असतात. हिवाळाभर त्या झिजत जातात आणि वसंतापर्यंत खालचं काळं डोकं उघडं पडतं. म्हणजे पठ्ठ्या नवे कपडे न शिवता, आहेत तेच झिजवून लग्नाला उभा राहतो.

*

माझाही ओळखण्याचाच किस्सा, पण जिंकलेला. तारेवर नीलपंख होता. सोबतचे म्हणाले, "रोजचाच आहे, चला." मला छाती खटकली. आपल्या नीलपंखाची छाती तपकिरी-जांभळट, फिकट रेघांची. याचं डोक्यापासून पोटापर्यंत सगळं एकसारखं फिकं निळं. उडाला तेव्हा पंखांची मागची बाजू काळी दिसली आणि मी ओरडलेच. युरोपियन नीलपंख! आफ्रिकेच्या वाटेवर असताना सप्टेंबर-ऑक्टोबरात पश्चिम भारतातून जातो. दुसऱ्या दिवशी तारेवर कुणी नव्हतं. "चला" म्हणणारे अजून माझ्याशी नीट बोलत नाहीत.

*

कुसळं. बाकी काही आठवत नाही. तित्तिर पायाखालून भुर्रकन उडाला, मी दचकून गवतात बसलो, आणि पुढचा तासभर मोज्यांतून एकेक कुसळ उपटत होतो. ओढलं की टोक मोडतं आणि आत राहतं. तित्तिर दिसला का? आवाज दिसला.

*

मी बांधाच्या आतला, म्हणजे शेत माझं. पाखरं मलाही आवडतात, पण बाजरी दाण्यावर आली की सुगरणींचा थवा कणसावर कसा बसतो ते एकदा राखणीला येऊन बघा. तरी तारेच्या काट्यावर खाटीक पक्ष्याने टोचून ठेवलेला नाकतोडा मी कधी काढत नाही. अर्धा खाल्लेला, पाय अजून हलत असतात. तो त्याचा डबा आहे. तुम्हा मंडळींना एकच सांगणं : आत शिरण्याआधी हाक मारा. परवा एकजण फोटोसाठी थेट कोवळ्या हरभऱ्यात उतरला.

*

दादा, हा टोला योग्य जागी बसला. मीही एकदा असाच शिरलोय.

*

आमचा दिवस जवळजवळ फुकट गेला होता. नांगरामागे गायबगळे, दोन धोबी पक्षी, संपलं. परतताना शिवाराच्या टोकाला पडीक गवत लागलं. सूर्य बुडायला दहा मिनिटं असतील. एक भोवत्या (शिकारी पक्षी) आला, गवताला पोट घासेल इतका खाली, पंख इंग्रजी व्हीसारखे वर धरून. मग दुसरा, मग चार. झाडं समोर होती, पण एकही झाडावर बसला नाही. भोवत्ये रात्री गवतातच, जमिनीवर, जमावाने झोपतात हे वाचलं होतं. पण उतरलेला पक्षी पुन्हा उठतो, दुसरा त्याच्या जागेवर डोळा ठेवून घिरट्या घालतो, ही भांडणं वाचून कळत नाहीत. माद्या आणि पिल्लं कुठल्या जातीची ते सांगायची हिंमत नाही. सगळ्यांच्या शेपटीच्या मुळाशी पांढरा पट्टा. सतरापर्यंत मोजले. मग अंधारात नुसता पंखांचा फडफडाट राहिला आणि मोजायचं सोडून दिलं.