लग्न बेळगावात, पाहुणे पोलंडहून. गोवा एअरपोर्टवरून माघारी पाठवतात का?

वडगावची_ताई
नमस्कार मंडळी, जरा घाईतच विचारतेय. माझा धाकटा भाऊ पोलंडला नोकरीला आहे, मुलगी तिथलीच, रजिस्टर लग्न तिकडंच झालंय, आता आपल्या पद्धतीनं इथं करायचं म्हणून कार्यालय धरलं, भटजी ठरले, आणि आता पाहुण्यांचं टेन्शन सुरू. मुलीचे आईवडील, मावशी आणि भाऊ येणार, गोव्याला उतरवून चोर्ल्यातून गाडीनं आणायचं ठरलंय. सगळ्यांचे ई-व्हिसा अजून काढायचेत. पण शेजारच्या काकांनी परवा घरात बसून सांगितलं की व्हिसा असला तरी एअरपोर्टवरून परत पाठवतात, पेपरात आलं होतं म्हणे, आणि तेव्हापासून आईला झोप नाही.
मावशीला पोलिश सोडून काय येत नाही. मुलीचा भाऊ व्हिडिओ बनवतो, त्याला लग्न शूट करायचंय ते ठीक, पण त्याला कुणीतरी सीमाप्रश्न समजावून सांगितलाय (आमच्या बाबांनीच, दुसरं कोण) तर आता त्याच्यावर पण चॅनलसाठी काहीतरी करायचंय म्हणतो. त्याला टुरिस्ट व्हिसा चालेल का? आणि समजा एखाद्याला अडवलंच तर पुढं काय होतं, आपण इथं बसून काय करू शकतो?

खानापूरकर_जुना_ग्राउंडस्टाफ
ताई, मी गोव्यात एका एअरलाइनच्या चेक-इनला होतो, म्हणून सांगतो. ई-व्हिसा म्हणून मेलवर जो कागद येतो ती नुसती परवानगी, खरा शिक्का इथं उतरल्यावर फोटो आणि बोटांचे ठसे घेऊन बसतो. त्यामुळं काकांचं अगदीच खोटं नाही, नको म्हणायचा अधिकार इमिग्रेशन ऑफिसरला आहे, आणि १ सप्टेंबर २०२५ पासून जो नवा इमिग्रेशन अँड फॉरेनर्स कायदा लागू झालाय त्यात त्याचा निर्णय अंतिम असंच लिहिलंय.
पण लग्नाबिग्नाला येणाऱ्या साध्या माणसांचं अडतं ते बहुतेक तिकडंच, विमानात चढायच्या आधी. कारण कागद नसलेला माणूस आणला की एअरलाइनला पाच लाखांपर्यंत दंड, वर त्याला परत न्यायचं ते पण त्यांच्याच गळ्यात. म्हणून काउंटरवरची पोरगी कॉम्प्युटरवर टिमॅटिक उघडून बघते, कुठल्या देशाचा पासपोर्ट, कुठं चाललाय, काय काय लागतं, आणि मग एकेक अक्षर ताडून बघते. पासपोर्टवर दोन नावं आणि फॉर्ममध्ये एकच, नंबरातला शून्य की ओ, असल्या बारक्या गोष्टींवर माणसं रडलेली बघितलीत मी. एका जोडप्यानं व्हिसा जुन्या पासपोर्टवर काढलेला, नंतर पासपोर्ट नवा केला आणि जुना घरी कपाटात. नवा चालतो, पण सोबत जुना पण लागतो! पासपोर्टची मुदत उतरल्यापासून सहा महिने तरी पाहिजे आणि दोन पानं कोरी.
इथं आल्यावर नाकारलं तर त्याला आमच्या भाषेत इनॅड म्हणायचे. ज्या एअरलाइननं आणलं तिच्याच पुढच्या फ्लाइटला बसवायचं, तोपर्यंत आत खुर्चीवर बसून राहायचं, पासपोर्ट पाकिटात घालून क्रूच्या हातात देतात, माणसाच्या हातात नाही. बाहेर हार घेऊन उभे असलेल्या नातेवाइकांना आत सोडत नाहीत, आमदाराचा फोन लावला तरी नाही, तेवढ्या वेळात फार तर त्यांच्या एम्बसीला कळवता येतं. म्हणून जे करायचं ते आधी करा.

निपाणीचा_बाळू
डिसेंबर २०२२ ला महाराष्ट्राच्या मंत्र्यांना बेळगाव जिल्ह्यात यायला बंदी घातली होती की ओ, त्यांना तर व्हिसा पण लागत नव्हता 😄 पोलंडवाले सुटतील, कोल्हापूरचे पाहुणे कोगनोळी नाक्यावरून नीट येतात का तेवढं बघा.

हिंदवाडी_वाचक
बाळू, चेष्टा राहू दे, काकांनी काय वाचलं असेल ते सांगतो. फेब्रुवारी २०२४ मध्ये लंडनच्या प्राध्यापिका निताशा कौल यांना बेंगळुरू एअरपोर्टवरून परत पाठवलं, बोलावलं होतं आपल्याच कर्नाटक सरकारनं, संविधानावरच्या परिषदेला, आणि त्यांच्याकडं ओसीआय कार्ड होतं (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळतं ते, त्यावर व्हिसा लागत नाही). मग ऑक्टोबर २०२५ ला हिंदीच्या अभ्यासक फ्रान्चेस्का ओर्सिनी, त्या पण लंडनच्याच, पाच वर्षांचा ई-व्हिसा हातात असून दिल्लीहून माघारी. सरकारी सूत्रांच्या हवाल्यानं बातम्यांत आलं की आधीच्या भेटीत त्यांनी व्हिसाच्या अटी मोडल्या होत्या. बरोबर झालं की चूक ह्यावर इथं भांडण लागेल आणि मला स्वतःला अभ्यासकांना असं दारातून परत पाठवणं अजिबात पटत नाही, पण ताई, तुमच्या मावशीचा आणि ह्याचा काडीचा संबंध नाही. संबंध आहे तो त्या भावाचा.
टुरिस्ट व्हिसात फिरणं आणि नातेवाईक-मित्रांकडं येणं बसतं. बहिणीचं लग्न मोबाइलवर शूट करा नाहीतर मोठ्या कॅमेऱ्यावर, तो घरचा मामला. पण राणी चन्नम्मा चौकात उभं राहून लोकांना माइक धरून सीमाप्रश्न विचारणं हे पत्रकाराचं काम झालं, त्याला जर्नलिस्ट व्हिसा वेगळा असतो आणि तो एम्बसीतून काढतात, ऑनलाइन नाही. त्याची पोटापाण्याची कमाई चॅनलवर असेल तर फॉर्ममध्ये धंदा लपवून टुरिस्ट म्हणून यायचं तर मुळीच नको. सरळ वॉर्सात भारतीय एम्बसीला विचारू दे.

वडगावची_ताई
तो म्हणतो कोण विचारतंय, पन्नास व्हिडिओ बघितलेत मी असले. त्याला काय सांगू?

हिंदवाडी_वाचक
सांगा की आज कोण विचारणार नाही, पण व्हिडिओ वर चढला की तो कायमचा, आणि त्याची बहीण आता जन्मभर बेळगावला येणार जाणार. एकदा ब्लॅकलिस्टला नाव गेलं की पुढच्या वेळेला भाच्याच्या बारशाला पण येता यायचं नाही. आणि बाबांना म्हणावं सीमाप्रश्न लग्न झाल्यावर सांगा 🙏

टिळकवाडी_सासूबाई
आमची सून परदेशी, तिचं सगळं गोतावळं येऊन गेलंय, म्हणून घरच्या बाजूनं सांगते. व्हिसा फक्त सरकारच्या साइटवर भरा, शेवटी जीओव्ही डॉट इन असलेल्या. तसल्याच दिसणाऱ्या खासगी साइट ढिगानं आहेत, पैसे दुप्पट घेतात आणि फॉर्म कोण भरतं देव जाणे. महिन्याचा टुरिस्ट ई-व्हिसा यायच्या आधी तीस दिवसांच्या आतच भरता येतो, आणि कमीत कमी चार दिवस आधी तरी पाहिजे, पण चार दिवसांवर आणू नका ओ. आईवडील किंवा आजीआजोबांपैकी कुणाचा पाकिस्तानशी संबंध असेल तर ई-व्हिसा नाहीच, पोलंडवाल्यांचं तसलं काय नसेल. आणि आता १ ऑक्टोबर २०२५ पासून परदेशी लोकांना ई-अरायव्हल कार्ड पण आहे, उतरायच्या आधी ७२ तासांत ऑनलाइन भरायचं, फुकट आहे.
मावशीला एकटीला काउंटरवर सोडू नका, सगळे एकदम उभे राहू देत, मुलीनं बोलावं. आपली पत्रिका मराठीत, ती त्या साहेबाला काय कळणार, एक पान इंग्लिशमध्ये छापून द्या, कार्यालयाचं नाव, तारीख, तुमचा पत्ता. फॉर्ममध्ये, कार्डावर आणि तोंडानं सांगताना पत्ता एकच पाहिजे, एकात गोव्याचं हॉटेल आणि एकात वडगाव असं नको. आणि फॉर्मवर ज्याचा नंबर दिलाय त्यानं त्या दिवशी फोन उचलायचा! आमच्या ह्यांचा नंबर दिलेला आणि हे मंडईत, फोन घरी चार्जिंगला. त्या साहेबानं दोनदा लावून बघितला म्हणे, मग मुलाच्या नंबरावर बोलून सोडलं.

वडगावची_ताई
मग आईचा नको, माझाच देते. घरी ठेवायचे असतील तर पोलिसात काय सांगावं लागतं का?

टिळकवाडी_सासूबाई
होय तर. सी-फॉर्म म्हणतात, परदेशी माणूस घरी उतरला की २४ तासांत ऑनलाइन कळवायचं, हॉटेल असेल तर हॉटेलवाला करतो, घर असेल तर आपण. त्याचं रजिस्ट्रेशन आधी करून ठेवा, मंजूर व्हायला वेळ लागतो, हळदीच्या दिवशी लॅपटॉप घेऊन बसायची पाळी नको.

खानापूरकर_जुना_ग्राउंडस्टाफ
एक राहिलं, तो भाऊ कॅमेरावाला म्हणताय, ट्रेकिंगबिकिंग करतो का? डोंगरात वापरतात ते सॅटेलाइटवरून मेसेज पाठवायचं छोटं यंत्र असतं, बॅगेला लटकवलेलं. परदेशात कुठल्याही दुकानात मिळतं, आपल्याकडं परवानगीशिवाय चालत नाही. डिसेंबर २०२४ ला गोव्याच्याच एअरपोर्टवर एका कॅनडाच्या बाईला त्यावरून धरलं होतं. ड्रोन पण नको म्हणावं, कस्टमवाले ठेवून घेतील. बाकी गोव्यात एअरपोर्ट दोन आहेत, फ्लाइट मोपाला की दाबोळीला ते तिकिटावर नीट बघून गाडी पाठवा, ड्रायव्हर लोक सवयीनं दाबोळीलाच जाऊन उभे राहतात.