मदत हवी आहे: बेल्जियममध्ये सायकलवरून छोट्या ब्रुअरी, पोपरिंगे की पायोटेनलँड?

घाटवाट
नमस्कार मंडळी. गणपती उरकले की सप्टेंबरच्या उत्तरार्धात मी आणि बायको ब्रसेल्सला नातेवाइकांकडे जातोय. त्यातले चारेक दिवस आम्ही दोघांनी सायकलसाठी राखून ठेवलेत. दोघांनाही सायकलची सवय आहे. सिंहगड रस्ता, पानशेत, कधी ताम्हिणी. दिवसाला ४०-५० किमी आरामात होतात.

पुण्यातल्या एका मायक्रोब्रुअरीत बेल्जियन पद्धतीची गव्हाची बिअर प्यायलो, तेव्हापासून या विषयाचा नाद लागलाय. त्या बिअरमध्ये धने आणि संत्र्याची साल असते. ही पद्धत तिकडे जवळपास संपली होती आणि पिएर सेलिस नावाच्या एका दूधवाल्याने १९६६ साली ह्यूखार्डन गावात ती पुन्हा सुरू केली, हे कळल्यावर मिळेल ते वाचत गेलो. आता ज्या गावांत हे सगळं बनतं ती गावं बघायचीत. मोठ्या कारखान्यांच्या टूर नकोत. शेतं, लहान रस्ते, गावातला एखादा कॅफे आणि तिथेच बनलेली बिअर, एवढंच हवंय.

वाचून दोन भाग डोळ्यांपुढे आलेत. एक पश्चिमेचा पोपरिंगेचा हॉपपट्टा (हॉप म्हणजे बिअरला कडूपणा देणारा वेल), दुसरा ब्रसेल्सला लागून असलेलं पायोटेनलँड, म्हणजे लँबिक या आंबट बिअरचा मुलूख. दोन्हींत धावाधाव करायची नाही. एकच निवडायचा तर कुठला?

दुसरं, तिकडच्या बिअर ८-१० टक्क्यांच्या असतात. सायकल चालवायची आणि चवही घ्यायची, हे नीट जमवतात कसं? तिथल्या लोकांची पद्धत काय? तिसरं, बायको शाकाहारी आहे आणि बिअर जेमतेम दोन-चार घोट घेते. ती सायकलसाठी आणि गावांसाठी येतेय. तिला नुसतं बसून राहावं लागू नये, ही माझी खरी काळजी आहे. जाणकारांनी कृपया सविस्तर लिहावं.

गेंटकर
घाटवाट, मी बरीच वर्षं गेंटमध्ये राहतो आणि दोन्ही भाग सायकलने फिरलोय. तुमच्या तारखा बघता मी डोळे झाकून पोपरिंगे म्हणेन.

हॉपची तोडणी ऑगस्टअखेर सुरू होते आणि सप्टेंबरच्या मध्यानंतर आटपत येते. पंधरवड्याच्या सुरुवातीला पोचलात तर ६-७ मीटर उंच तारांवर चढलेले वेल अजून उभे दिसतील, ट्रॉल्या भरून वेल शेडमध्ये जाताना दिसतील आणि भट्टीत वाळणाऱ्या हॉपचा वास रस्त्यावर येईल. हा वास एकदा घेतला की बिअरमधला कडूपणा कुठून येतो ते जिभेला वेगळं समजावून सांगावं लागत नाही. नंतर आलात तर नुसते खांब आणि तारा.

रेल्वे पोपरिंगेलाच संपते, त्यामुळे चुकायचा प्रश्न नाही. सायकल गाडीत न्यायची तर तिचं वेगळं तिकीट लागतं, घडीची असेल तर फुकट. पण तुम्ही तिथेच भाड्याने घ्या. उतरलात की सामान टाकून आधी हॉप संग्रहालय बघा. गावात हॉप जिथे वजन करून, दाबून पोत्यांत भरत, त्याच जुन्या इमारतीत ते आहे. हे आधी पाहिलं की पुढे शेतात काय दिसतंय ते कळतं.

गावापासून उत्तरेला ६-७ किमीवर वेस्टफ्लेटेरेनचा सिंट-सिक्स्टस मठ आहे. मठात प्रवेश नाही, ब्रुअरीची टूर नाही. भिक्षूंना शांतता हवी असते आणि ती त्यांना मिळावी. समोरच 'इन दे व्रेदे' नावाचा कॅफे आहे, तिथे मठाच्या तिन्ही बिअर मिळतात: ५.८ टक्क्यांची ब्लाँड, ८ आणि १२. हे ८ आणि १२ म्हणजे टक्के नव्हेत, ती नावं आहेत. १२ मध्ये १०.२ टक्के अल्कोहोल असतं. दुपारी बाहेर बसायला मिळालं तर घाई करू नका.

पश्चिमेला फ्रान्सच्या सीमेला टेकलेलं वाटू गाव आणि तिथली सेंट बर्नार्डस ब्रुअरी. १९४६ ते १९९२ या काळात सिंट-सिक्स्टसची बिअर परवान्यावर इथेही बनायची. परवाना संपला, पण त्याच घराण्यातली बिअर ते स्वतःच्या नावाने बनवत राहिले. त्यांची आप्ट १२ आणि मठाची १२ एका दिवसाच्या अंतराने प्या. मला हा सगळ्या सहलीचा गाभा वाटतो, कारण दोन्हींचं मूळ एक आणि फरक मात्र जिभेला कळतो. ब्रुअरीच्या वरच्या मजल्यावर बार आहे, तिथून हॉपची शेतं दिसतात.

छोटी म्हणावी तर दे प्लुकर. पोपरिंगेतच सेंद्रिय हॉपच्या शेतावर उभी आहे आणि बिअरमध्ये शेतातलाच हॉप घालतात. कायम उघडी नसते, आधी वेळ बघून जा. आणि कुठल्याही कॅफेत पोपरिंग्स हॉमेलबियर मागा, ७.५ टक्के, या भागाची चव त्यात आहे.

तुमच्या दुसऱ्या प्रश्नाबद्दल जरा स्पष्ट लिहितो. बेल्जियममध्ये रक्तातल्या अल्कोहोलची ०.५ ग्रॅम प्रतिलिटर ही मर्यादा सायकलस्वारालाही लागू आहे. आता हिशोब करा. १२ ची ३३ सेंटिलिटरची एक बाटली म्हणजे सुमारे ३४ मिली शुद्ध अल्कोहोल. आपल्याकडच्या ५ टक्केवाल्या ६५० मिलीच्या बाटलीत जेवढं असतं, तेवढंच या छोट्या बाटलीत. ग्रॅममध्ये साधारण २६. शरीर तासाला ७ ते १० ग्रॅम जिरवतं, म्हणजे एका बाटलीला तीनेक तास. इथले जुने सायकलवाले सकाळी चालवतात, एकाच ठिकाणी जेवतात, एकच जड बिअर दोघांत वाटून घेतात, मग बराच वेळ बसून हळू परततात. जास्तीची चव घ्यायची ती संध्याकाळी, मुक्कामाच्या गावात, सायकल कुलूप लावून झाल्यावर. पोपरिंगेत राहण्याचा हा मोठा फायदा, रात्री चालत घरी.

मीरा_वाटेवर
घाटवाट, तुमच्या मिसेसच्या जागी मी होते, म्हणून लिहिते. नवरा बिअरचा अभ्यासू, मी शाकाहारी आणि पिण्यात फारसा रस नाही. मला मुळीच कंटाळा आला नाही, कारण रस्ता मी ठरवत होते.

तिकडे सायकलसाठी क्रमांकांची जाळी आहे. प्रत्येक चौकाला एक नंबर, आणि पाटीवर पुढच्या नंबरांचे बाण. खाण अभियंता हुगो बोलन यांच्या कल्पनेतून १९९५ साली लिम्बुर्ग प्रांतात सुरू झालं आणि मग सगळीकडे पसरलं. आदल्या रात्री नंबर कागदावर लिहून हँडलला चिकटवायचे, फोन खिशात. नंबर मी निवडायचे. चर्च, ओढा, सावलीचा रस्ता बघून लांबचा फेरा घ्यायचा तर घ्यायचे. हे काम त्यांच्याकडे सोपवा आणि खरंच सोपवा, मध्ये फोनवर नकाशा काढू नका.

जेवणाचं: इथले फ्राइज परंपरेने बैलाच्या चरबीत तळतात. वनस्पती तेल वापरणाऱ्या जागाही आहेत, पण प्रत्येक ठिकाणी विचारून घ्या. सूपमध्ये मांसाचा रस्सा असू शकतो. चीज आणि ब्रेड जवळजवळ सगळीकडे मिळतं. चीजमधल्या रेनेटचं (वासराच्या पोटातून काढलेलं विरजण) तुम्ही पाळत असाल तर तेही विचारा. आम्ही पाठीवर ठेपले आणि चटणी ठेवायचो, दोन गावांच्या मध्ये बाकडं दिसलं की थांबायचो.

आणि वाहतूक उजवीकडून! पाटी किंवा सिग्नल नसलेल्या चौकात उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्यावं लागतं. भाड्याची सायकल घेतल्यावर पुढचा ब्रेक कुठल्या हाताला आहे ते बघा, आपल्यापेक्षा उलटा असतो बहुतेक.

आंबटगोड
गेंटकरांचा मान राखून मी पायोटेनलँडची बाजू मांडतो. घाटवाट, ट्रॅपिस्ट, म्हणजे मठांतली बिअर बाटलीतून जगभर पोचते. लँबिक कसं बनतं हे मात्र तिथे जाऊनच कळतं. त्यात यीस्ट घालत नाहीत. सुमारे एक तृतीयांश कच्चा गहू, बाकी जव, दोन-तीन वर्षं मुद्दाम जुना केलेला हॉप. उकळून झालं की गरम रस माळ्यावरच्या पसरट उथळ टाकीत रात्रभर उघडा ठेवतात. हवेतले आणि इमारतीतले जंतू त्यात उतरतात आणि मग लाकडी पिंपांत वर्षानुवर्षं आंबत राहतं. एक, दोन आणि तीन वर्षांचं लँबिक मिसळून बाटलीत पुन्हा आंबवलं की ग्यूझ. आंबट चेरी घातली की क्रीक.

ब्रसेल्समध्ये मिडी स्थानकापासून चालत जाण्याच्या अंतरावर काँतियों ही लँबिकची ब्रुअरी आहे, १९०० पासूनची. पिंपांच्या खोल्यांत कोळ्यांची जाळी तशीच ठेवतात, कारण कोळी माश्या-किडे खातात आणि जंतुनाशक फवारण्याची वेळ येत नाही. तिथून शार्लरुआ कालव्याच्या काठाने सपाट वाट दक्षिणेला जाते. लॉट गावात ड्री फोंतेनन, थोडा चढ चढून बेअरसेलचा किल्ला आणि ऊद बेअरसेल, पुन्हा खाली येऊन हालेपलीकडे लेम्बेकला बून, या तिन्ही लँबिकवाल्याच. परतताना हालेहून रेल्वे.

मिसेसना इथे आवडेल असं मला मनापासून वाटतं. क्रीक फार थोडी प्यायली तरी पुरते, आणि कॅफेत ब्रेडवर ताजं मऊ चीज, मुळ्याच्या चकत्या आणि कांद्याची पात मिळते. अस्सल क्रीक आंबट असते. लेबलवर 'ऊदे' हा शब्द बघून घ्या, नाहीतर साखर घातलेली हाती येते.

गेंटकर
आंबटगोड, बिअरबद्दल तुमच्याशी शंभर टक्के सहमत. ग्यूझ ही मलाही या देशातली सगळ्यात मोठी गोष्ट वाटते. पण लँबिक थंडीतच शिजवतात, साधारण ऑक्टोबर ते एप्रिल. उकाड्यात नको ते जंतू वाढतात. सप्टेंबरमध्ये त्यांना उथळ टाकी कोरडी दिसेल, आणि पोपरिंगेत मात्र वर्षातले नेमके ते दिवस असतील. म्हणून मुक्काम तिकडे. ज्यांना जानेवारी-फेब्रुवारीत जमतं, त्यांना मी उलट सांगेन.

आंबटगोड
टाकीचा मुद्दा मान्य. मग पोपरिंगेहून परतल्यावर एक दिवस कालव्याला द्या, ब्रसेल्सला मुक्काम आहेच. सगळी ठिकाणं एका दिवसात करू नका. काँतियों आणि लॉट, किंवा बेअरसेल आणि लेम्बेक. ग्यूझची मोठी बाटली वेताच्या टोपलीत आडवी ठेवून आणतात, तळाचा गाळ हलू नये म्हणून. ती दोघांत नाही तर शेजारच्या टेबलाबरोबर वाटून घ्या. तिथले लोक अशा वेळी आनंदाने बोलतात. आणि हो, पोपरिंगेचा ताजा हॉप आधी पाहिला असेल तर इथे पोत्यांत पडलेला जुना, जवळजवळ वास गेलेला हॉप पाहून मजा येईल. इथे तो बिअर टिकावी म्हणून घालतात, वासासाठी नाही.

निवांत_प्रवासी
ओर्वाल आणि रोशफोर हे बिअरवाले मठ कुणी सुचवले नाहीत? तो भाग सगळ्यात सुंदर आहे.

गेंटकर
सुंदर आहेच, पण आर्देन या डोंगराळ भागाचे चढ आहेत, मठ एकमेकांपासून लांब आहेत आणि रेल्वे तुरळक. त्यासाठी वेगळा आठवडा हवा.

घाटवाट, एक राहिलं. पोपरिंगेहून इपर सायकलने १२ किमीच्या आसपास आहे. तटबंदीच्या पोटात काझेमात्तेन नावाची छोटी ब्रुअरी आहे, ती बघा. पण त्या दिवशी संध्याकाळी ८ वाजता मेनिन गेट या युद्धस्मारकापाशी उभे राहाच. पहिल्या महायुद्धात ज्यांचे देह सापडले नाहीत अशा ५४ हजारांहून अधिक सैनिकांची नावं तिथे कोरलेली आहेत, त्यांत भारतीय सैनिकांचीही. रोज संध्याकाळी बिगुल वाजतं, १९२८ पासूनची प्रथा आहे, मध्ये दुसऱ्या महायुद्धात खंड पडला तेवढाच. १९१४ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात आपली माणसं याच चिखलात लढली. हे पाहिल्याशिवाय त्या शेतांतून सायकल चालवू नये असं मला वाटतं. कार्यक्रम संपला की अंधार असेल, दिवे लावून परत या किंवा रेल्वेने या.

घाटवाट
सगळ्यांचे मनापासून आभार. बायकोनेही धागा वाचला. नंबरांचा कागद तिने आत्ताच ताब्यात घेतलाय, आणि मेनिन गेटची संध्याकाळ तिनेच पक्की केली. तर पोपरिंगेत मुक्काम, एक दिवस मठ, एक दिवस वाटू, एक दिवस इपर, आणि परतल्यावर कालव्याचा एक दिवस, काँतियों आणि लॉट. तारखा पंधरवड्याच्या सुरुवातीला ओढतोय, तोडणी चुकायला नको.

शेवटचं विचारतो. येताना मित्रांसाठी बाटल्या आणता येतील का?

मीरा_वाटेवर
येतील. भारतात येताना प्रत्येक प्रौढ प्रवाशाला २ लिटरपर्यंत मद्य शुल्काशिवाय आणता येतं, बिअर त्यातच मोजतात. ३३ सेंटिलिटरच्या सहा बाटल्या म्हणजे १.९८ लिटर, म्हणजे दोघांत बारा. चेक-इन सामानात, प्रत्येक बाटली मोज्यात घालून वर कपडे गुंडाळून. ग्यूझच्या मोठ्या बाटलीत दाब जास्त असतो, ती सामानाच्या अगदी मधोमध ठेवा. खरेदी शेवटच्या दिवशी ब्रसेल्समध्ये करा, पोपरिंगेपासून काचा वाहत फिरू नका. फक्त मठाची १२ हवी असेल तर कॅफेच्या दुकानात त्या दिवशी मिळतेय का ते बघून तिथेच घ्या, बाहेर तिचे फार पैसे लावतात.